नटांचं ताट

चंपतला भिलाईत येऊन दोन महिने झाले होते, पण तोंड असं चालवायचा की कारखान्याचा पाया यानंच खणला. लाखनीकडचा शेतकऱ्याचा पोरगा. नागपुरात एका गॅरेजात गाड्या धुतल्या आणि तेवढ्या भांडवलावर इथं ठेकेदाराच्या गॅरेजात मिस्त्री म्हणून चिकटला. अजून कच्चाच होता. आज कारखान्याच्या साहेबांच्या जुन्या मोटारीच्या इंजिनाचं हेड नीट उतरलं तर सुपरवायझर बाबुलाल त्याला पक्का करणार होता, नाही तर गावची वाट. आणि त्याची बायको कांता मागच्याच आठवड्यात संसाराचं बोचकं घेऊन आली होती.

गॅरेजचा मोठा मिस्त्री फकिरा. रेल्वेच्या लोकोशेडात घडलेला, दोन वर्षांपूर्वी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला, बोलायला मोजका. रोज दुपारी भाकरीचं फडकं सोडलं की तो चंपतला हाक मारायचा, ये जेवाले. रोज चंपतचं पोट भरलेलं असायचं.

फकिराची एक रीत होती. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, काढताना नट ज्या जागेवरून निघाला त्याच जागी तो आपल्या जर्मनच्या ताटात मांडायचा. ताटात जागा रिकामी दिसली की समजायचं, नट अजून इंजिनातच आहे. मग ताट राखेनं लख्ख घासून त्यातच जेवायचा. आज सकाळी ते ताट त्यानं चंपतपुढे धरलं.

चंपतचा हात पुढे झालाच नाही. "जेवाच्या ताटात नट कावून ठेवता, मिस्त्री? पाप लागन," तो म्हणाला. वा रे पुण्यवान! हाच गडी घरी पोळीच्या ताटात विडी विझवायचा. फकिरानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ताट मागे घेतलं.

मग काय, नट गेले घमेल्यात, हाताला येतील तसे. हेड मात्र हलेना. चंपतनं रॉकेल सोडलं, लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकलं. बाबुलाल येऊन दोनदा डोकावून गेला. शेवटी त्यानं छिन्नी लावली आणि घाव घातला. हेडची कड टचकन उडाली.

आवाज ऐकून फकिरा आला. रागावला नाही, नट मोज म्हणाला. चंपतनं मोजले, तेरा. पाहिजेत चौदा. फकिरानं पाण्याच्या नळीखालच्या खोबणीतला ग्रीसचा चिखल बोटानं उकरला. तिथं चौदावा नट, आवळलेला, जागचा जागी. तो काढला, हातोडीनं दोन टिचक्या दिल्या आणि हेड सुटलं. तुटल्या कडेवर नख फिरवून तो म्हणाला की टवका गॅस्केटच्या, म्हणजे हेडखालच्या गादीच्या, बाहेरचा आहे, गाडी चालेल.

तेवढ्यात बाबुलाल आला. छिन्नीचा घाव कोणाचा, त्यानं विचारलं. चंपतनं छिन्नी पायानं घमेल्यामागे सरकवली. एरवी केवढं चालायचं त्याचं तोंड! फकिरानंच सांगितलं, "नट चिखलात दबला होता, साहेब. पोराचा हात चांगला हाये. ठेवा."

झालं. चंपत पक्का झाला आणि मेल्याहून मेला झाला. चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडल्या असत्या. आपली लाज आपणच चघळत तो उभा राहिला. मग हेड परत बसवायच्या तयारीला लागायचं म्हणून तो फकिराजवळ गेला.

"मिस्त्री, पाप-गिप काई नव्हतं. ताट तुमचं होतं, म्हणून नाई म्हटलं मी."

"मले तवाच समजलं होतं," फकिरा म्हणाला.

"आता द्या. नट मांडतो."

"आता जेवाचं हाये मले."

फकिरानं फडकं सोडलं, ताटात भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा घेतला आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला. चंपत घमेलं घेऊन जवळच बसला. नट मोजले, चौदा. पुन्हा मोजले. त्याला सपाटून भूक लागली होती. आज फकिरानं हाक मारली असती तर तो त्या ताटात जेवला असता. पण आज फकिरानं त्याला बोलावलं नाही.