ताईंना पडलेलं दुसरं मत

एक खोटं मी तीस वर्षं सांभाळलं. ताईंची दृष्टी गेल्यापासून मी रोज दुपारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जाते आणि रोज ठरवायचे, आज सांगून टाकायचं. त्या ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. सांगायचं राहूनच गेलं तर काय, याची मला धास्ती वाटायची.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. छापखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर प्रुफं तपासायची खोली होती, तिथे आम्ही नऊ वर्षं एका टेबलावर बसलो. पाच टेबलं, दहा माणसं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल धरायची, मग अदलाबदल. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा वाचायचे. खालच्या यंत्रांनी फरशी थरथरायची, पाच आवाज एकदम चालायचे आणि तरी आपल्या जोडीदाराचा आवाज बरोबर कानात शिरायचा. घरी नवऱ्याशी भांडतानाही मी शेवटी "पूर्णविराम!" म्हणायचे. तो चिडण्याऐवजी हसायचा, म्हणून आमचा संसार टिकला. अजून कधीतरी भाजी चिरताना तो गलका आठवतो आणि जीव कासावीस होतो.

खोली हुशार लोकांची. कुणाला तीन भाषा यायच्या, कुणी गणितातला पदवीधर, एकाला तर शब्दकोश जवळजवळ पाठ. अपवाद एकच, देवमाणूस. ज्याला तोंडावर मूर्ख म्हणवत नाही त्याला आपण देवमाणूस म्हणतो, तसं ते नाव पडलेलं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, पण वाचलेल्यातलं अक्षर डोक्यात शिरेल तर शपथ. एकदा त्याने एकच पान लागोपाठ दोनदा वाचलं आणि वर म्हणाला, "हा लेखक तेच तेच फार सांगतो."

तर मालकांशी बोलायला आम्हाला खोलीचा प्रतिनिधी निवडायचा होता. ताईंशिवाय कुणाचं नावसुद्धा निघालं नाही. मालकांना समोरासमोर नाही म्हणणारं दुसरं माणूसच नव्हतं. पण नियमाने दोन नावं लागायची, म्हणून देवमाणसाला उभं केलं. मतदानाच्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला. त्या शर्टाची घडीसुद्धा नीट मोडली नव्हती. ती बघून मनात आलं, याला भोपळा मिळाला तर बिचाऱ्याने तोंड कुठे लपवायचं? ताई येणारच आहेत, माझ्या एका मताने काय बिघडतंय? मी त्याच्या नावापुढे खूण केली.

आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी चूक नेहमी मथळ्यात राहायची. एवढी मोठी अक्षरं दुसऱ्याने पाहिलीच असणार, असं जो तो धरून चालायचा. त्या दिवशीही तेच झालं.

यंत्रखात्याच्या मुकादमाने मतं मोजली. देवमाणूस आठ, ताई दोन. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा!" असं म्हणून त्याने चिठ्ठ्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या आणि हसत खाली गेला. फक्त देवमाणूस म्हणाला, "काहीतरी चुकलंय. परत मोजा ना." आम्हाला तो त्याचा भोळेपणा वाटला.

एक मत ताईंनी स्वतःलाच दिलं होतं. "लायक होते, दिलं," असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. उरलं दुसरं. त्या आठवड्यात आम्ही आठही जणांनी ताईंना एकटं गाठून सांगितलं, की ते दुसरं मत माझं. मीही सांगितलं, प्रुफाची पानं उगाच सारखी करत.

दीड वर्षाने मालकांनी देवमाणसाला बोलावलं. तो जवळजवळ धावतच वर आला. "पंखे येणार! सही करून आलो!" कागद चार पानी होता. पहिल्या ओळीत पंखे होते आणि तिसऱ्या पानावर जोडीने वाचणं बंद. यापुढे एकेकट्याने, मनातल्या मनात वाचायचं. स्वल्पविरामासाठी डोळे फोडणाऱ्या दहा जणांच्या वतीने तो कागद न वाचता मंजूर झाला. पंखे मात्र खरंच आले. निम्मी माणसं घरी गेली, त्यात पहिल्या ताई. उरलेल्या आम्हा पाच जणांना दिवसभर त्या पंख्यांचाच आवाज. खोली बुडवली म्हणून देवमाणसाला आम्ही कधी माफ केलं नाही. तो वारला तेव्हा आठांपैकी एकजणही गेलं नाही.

काल मी ताईंना कुठल्याशा निवडणुकीची बातमी वाचून दाखवत होते.

"शिकलीसवरलेली माणसं," ताई म्हणाल्या, "आणि निवडून कुणाला दिलं बघ."

मी वर्तमानपत्र मिटून खाली ठेवलं. "ताई, ते दुसरं मत माझं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"कसं काय?"

"त्या संध्याकाळी टोपलीतून चिठ्ठ्या काढून बघितल्या मी. इतकी वर्षं तुझ्या खुणा बघत होते गं. तुझ्या खुणेची शेपटी मागे वळते. ती काय मला ओळखू येणार नाही?"

"मग ते होतं कुणाचं?"

"देवमाणसाचं. तो नेहमी वाचायलाच बसायचा, त्याच्या हातात पेन्सिल कधी होती? एवढी दाबली होती की कागद फाटला होता. त्याला कशातलं काही कळायचं नाही, पण कुणाला मत द्यायचं तेवढं त्या खोलीत त्यालाच कळलं."

मला त्याचा तो नवा शर्ट आठवला. परत मोजा म्हणणारा एकटा तोच होता. मला रडू आवरेना.

"तुम्ही बोलला का नाहीत, ताई?"

"बोलले असते तर तू लाजेने टेबल बदललं असतंस. मग मी वाचायचं कुणाबरोबर?" त्यांनी चाचपडत वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं. "वाच आता. पहिल्यासारखं."

मी मोठ्याने वाचू लागले, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. ताईंचं बोट मांडीवर खुणा करत होतं. एका ठिकाणी माझा आवाज फाटला, तसं ते बोट थांबलं.

"ही ओळ परत," ताई म्हणाल्या.