गोल झाल्यानंतरची दोन मिनिटं

संयोगिताच्या एजन्सीचं ऑफिस म्हणजे सायकल दुकानावरची एक खोली. कोल्हापुरात बऱ्याच जणांना वाटायचं, फुटबॉलचा एजंट म्हणजे पोरांना बाहेरच्या क्लबात चिकटवून देणारा दलाल. संयोगिता कुणाला समजावत बसत नसे. करारातली बारीक अक्षरं वाचायची, दुखरा गुडघा वेळेत डॉक्टरांना दाखवायचा, दोन क्लब नाही म्हणाले तर तिसऱ्याला लिहायचं, आणि या सगळ्याच्या मधल्या दिवसांत पोराला घडवत राहायचं. तिचं काम एवढंच होतं, आणि सात खेळाडूंचं ते काम करताना दिवस पुरत नसे.

त्या दिवशी सकाळी गोव्यातल्या एका क्लबच्या प्रशिक्षकांचा निरोप आला. तिने पाठवलेली शहजादची सहा मिनिटांची चित्रफीत त्यांना आवडली होती. एकोणीस वर्षांचा हा पोरगा उजव्या बगलेवरून असा सुटायचा, की बचाव करणाऱ्याला नुसती त्याची पाठ दिसायची. क्लब दोन वर्षांचा करार करायच्या विचारात होता. पण निरोपात पुढे लिहिलं होतं, "हे सगळे चेंडू पायात असतानाचे तुकडे आहेत. एक अख्खा सामना पाठवा, कुठेही न कापलेला. दुपारी एकपर्यंत. पाच वाजता फोन करतो."

अख्खा सामना एकच होता. गेल्या रविवारची अंतिम लढत. बाकीचे सगळे मित्रांनी मोबाईलवर घेतलेले. शहजादकडे चेंडू आला की मोबाईल वर, गेला की खिशात.

तिने शहजादला बोलावून घेतलं. तो हसतच जिना चढून आला.

"ताई, तो सामना म्हंजे भारीच की! दोन गोल मारलेत मी. लगेच पाठवा."

"पाठवायच्या आधी एकदा बघू. हे घे." तिने त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं. "तुझ्या पायात चेंडू आला की चालू कर, गेला की बंद."

त्याला गंमत वाटली. पहिली दहा मिनिटं तो ओठ चावत बटण दाबत होता. हळूहळू बटण दाबायचं कमी झालं आणि बघणं वाढलं. पडद्यावर आपला संघ मागे धावतोय आणि आपलाच सात नंबरचा शर्ट मध्यरेषेजवळ कमरेवर हात ठेवून उभा आहे, हे त्याने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्याने संयोगिताकडे चोरून बघितलं. ती काही बोलली नाही. पोराला स्वतःला दिसत असताना आपण मध्ये बोललो, तर त्याचं बघणं थांबतं, हे ती शिकवता शिकवता शिकली होती.

एवढ्यात आण्णा आले. शहजाद ज्या संघातून खेळायचा, त्या पेठेच्या तालमीचे प्रमुख. संयोगिता लहान असताना "पोरीला खेळू द्या, न्हायतर तुमीबी खेळू नका," असं पोरांना दरडावून तिला मैदानात उतरवणारे तेच. क्लबचा निरोप त्यांच्या कानावर गेला होता.

"काय गं संयोगे, पेढं कवा?"

"बसा आण्णा. अजून काही ठरलं न्हाई."

तेवढ्यात पडद्यावर शहजादचा पहिला गोल झाला. गॅलरी उसळली. गोल केलेल्या खेळाडूने कठड्याजवळ येऊन आण्णांच्या पाया पडायचं, ही तालमीची जुनी रीत. शहजाद मैदान सोडून कठड्याकडे धावला. वाकला. वरून गुलाल पडला. पंचांनी त्याला हाताने बोलावलं, थोड्या वेळाने पुन्हा बोलावलं. मग शिट्टी वाजवून खेळ सुरू केला. समोरच्या संघाने चेंडू थेट रिकाम्या उजव्या बगलेत टाकला आणि चार पासांत गोल केला. सात नंबर तेव्हाही कठड्याशीच होता.

पडद्यावर सामना पुढे सरकत गेला. शेवटी शहजादनेच दुसरा गोल मारला, सामना जिंकला, आणि मधलं हे सगळं पेठ विसरून गेली. गोव्याचा माणूस विसरणार नव्हता.

आण्णा पुढे सरसावले. "एवढं काप. दोन मिन्टं तर हाईत. कोण मोजत बसतंय?"

"त्यांनी न कापलेला मागितलाय, आण्णा."

"अगं, पोराच्या दोन वर्साचा सवाल हाय! तू त्येच्या बाजूची का त्येंच्या?"

हा प्रश्न तिला लागला. आण्णांचं चूक नव्हतं. ती शहजादचीच माणूस होती. त्याचे वडील निसारभाई कागलच्या एमआयडीसीत पाळी संपवून येताना रोज विचारायचे, "बेटी, काही कळलं का?" दोन मिनिटं कापली तर संध्याकाळी त्यांना पेढा देता आला असता. पण पुढच्या महिन्यात शहजाद गोव्यात मैदानावर उतरला असता, तेव्हा कात्री कुठे चालवायची?

"शहजाद, तू सांग," ती म्हणाली.

शहजादने चित्र मागे नेलं. कठड्यापाशी थांबवलं. तो वाकून उठलेला, तोंड मैदानाकडे वळवलेलं. पण त्याचं मनगट एका हाताने धरून ठेवलं होतं आणि दुसरा हात त्याच्या कपाळावर गुलाल फासत होता. दोन्ही हात आण्णांचे होते.

आण्णा पडद्याकडे बघत राहिले.

"मीच धरलतं व्हय रं तुला?"

"न्हाई आण्णा, मीबी थांबलोच की. बरं वाटत होतं." शहजादने स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. सामना संपायला थोडाच वेळ उरला होता आणि चेंडू पायात असल्याचा आकडा तीन मिनिटांच्याही आत होता. "ताई, आहे तसा पाठवा. हे कापून काय उपयोग? बाकीचा सामनाभरबी मी उभाच आहे."

तिने सामना पाठवला.

पाच वाजता फोन वाजला. संयोगिताने तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. प्रशिक्षक हिंदीत, शांतपणे बोलत होते. दोन्ही गोलांचं कौतुक एका वाक्यात संपलं. मग त्यांनी शहजादला विचारलं, "तुमच्यावर गोल झाला तेव्हा तू कुठे होतास?"

"मैदानाबाहेर, सर. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडत होतो."

"कुणीतरी तुझा हात धरलेला दिसतो."

आण्णांनी मान खाली घातली.

"खेळ सुरू होतोय हे मला दिसत होतं, सर. मी यायला पाहिजे होतं. चूक माझी."

मग ते संयोगिताशी बोलले. करार आत्ता नाही. चेंडूशिवाय हा मुलगा काय करतो, ते अजून कुणी त्याला शिकवलेलं दिसत नाही. सोमवारपासून तीन आठवड्यांचं सराव शिबिर आहे, तिथे पाठवा. शिकला तर बोलू, नाहीतर परत येईल.

फोन बंद झाला. शहजाद खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होता. कराराच्या जागी नुसतं शिबिर, तेही परत पाठवण्याच्या बोलीवर. संयोगिताला वाटलं, काहीतरी धीराचं बोलावं. पण धीराचं आणि खरं, असं दोन्ही असलेलं वाक्य तिला सापडेना.

"तीन आठवडं म्हंजे पुढची स्पर्धा गेलीच की आमची," आण्णा पुटपुटले. शहजादची नोंदणी तालमीकडे होती. हंगाम संपेपर्यंत तालमीच्या लेखी परवानगीशिवाय त्याला बाहेर कुठेही खेळता येत नव्हतं, आणि त्याच्याशिवाय तालमीकडे उजव्या बगलेवरून चढाई करणारा दुसरा कोणी नव्हता.

"हां, आण्णा," संयोगिता म्हणाली. "तुमची परवानगी लागंल."

"मग लिव्ह की. माझ्या तोंडाकडं काय बघाय लागलीस?"

तिने नेहमीच्या मसुद्यावरून पत्र तयार केलं आणि वाचून दाखवलं. "सदर खेळाडूस तीन आठवड्यांसाठी मुक्त करण्यात येत आहे. शिबिर संपताच तो तालमीच्या संघात हजर होईल."

"ती शेवटची ओळ काढ."

"आण्णा, ती असतेच पत्रात. तालमीच्या बाजूनं."

"असू दे असली तर. त्येंनी ठिवून घेतला तर काय, पोरगं ह्यो कागद बघून माघारी पळत यील?"

तिने ओळ खोडली. आण्णांनी चष्मा लावला, उरलेलं पत्र पहिल्यापासून सावकाश वाचलं आणि खाली सही केली. शहजाद पाया पडायला पुढे आला, तसे ते उठून जिन्याकडे निघाले.

"सोमवारी पोचायचं हाय न्हवं? मग जा घरी, बापाला सांग. आन् गोड करून सांगू नकोस. फोनवर झालं तसंच सांग."