ठपका, कारणासकट

आमच्या शाळेत ओरडा कुणालाही, कधीही, फुकट मिळतो. वर्गात खायचा आणि मधल्या सुट्टीत विसरायचा. ठपक्याचं तसं नाही. तो सकाळी सगळ्या शाळेसमोर वाचला जातो, कारणासकट, शब्दाला शब्द. आणि ज्याच्यावर ठेवला, तो कुठल्याच संघाचा कप्तान राहत नाही.

मी बास्केटबॉलची कप्तान होते. शनिवारी अंतिम सामना होता. विज्ञानाच्या बाईंना हे चांगलंच ठाऊक होतं, म्हणूनच त्या मला फरफटत मोठ्या सरांच्या खोलीत घेऊन गेल्या.

"सर, हिच्यावर ठपका ठेवा. भर वर्गात उलट बोलली. जीभ आहे की कात्री!"

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "काय बोलली?"

"उद्धटपणा केला."

"ते कळलं. शब्द सांगा बाई. उद्या तुम्हालाच वाचायचंय."

मग मीच सुरू झाले.

"मी म्हणाले, बाई वह्या न वाचताच शेरे मारतात. आणि माझा प्रयोग वाचून दाखवला. 'उरलेलं द्रावण मांजरीला पाजावं व तिच्या मिशा निळ्या होतात का ते पाहावं.' त्यावर शेरा आहे, उत्तम. माझ्या शेजारच्या चष्मिसनं सगळं बरोबर लिहिलं, तिला निष्काळजी."

टोपण सरांच्या हातातच राहिलं.

"आगाऊ कार्टी!" बाई लालबुंद झाल्या. मग एकदम आवाज मऊ. "जाऊ दे सर. पोर आहे. मी हिला वर्गातच झापते, विषय संपला."

"तेच बरं," सर म्हणाले. "काय गं? शनिवारी सामना आहे ना तुमचा?"

माझ्या दंडावर कप्तानाची लाल फीत होती. ती मिळवायला मी वर्षभर घाम गाळला होता. बाई त्या फितीकडे बघून हसल्या. ही आता मुकाट्यानं ओरडा खाणार, असं ते हसणं. तिथंच माझं डोकं फिरलं.

"नको सर. ठपकाच ठेवा."

"डोकं ठिकाणावर आहे का?" बाई किंचाळल्या.

"आहे ना. उलट बोलले, हे खरंच आहे. फक्त नीट वाचा हं, बाई."

सकाळी बाईंनी खणखणीत सुरुवात केली. मांजरीपाशी आवाज खाली आला, मिशांपाशी पार बसला.

"पूर्ण वाचा," मागून मोठे सर.

"शेरा... उत्तम."

शेवटच्या रांगेतून कुणीतरी म्याँव केलं आणि अख्खी शाळा फुटली. मी नाही हसले. फितीची गाठ सुटत नव्हती. बाई हात पुढे करून उभ्या होत्या.

"आटप लवकर."

"सुटत नाहीये."

"मग दातांनी सोड. दात बरेच आहेत तुला."

दातांनी सोडली. ओली फीत त्यांच्या तळहातावर ठेवली. डोळे भरून आलेले त्यांना दिसू नयेत म्हणून मान ताठ ठेवली आणि विचारलं, "आता चष्मिसची वही वाचणार ना, बाई?"