चाक आपल्याकडे फिरवायचं

मी एक जुनी शिवणाची मशीन आहे. संग्रहालयात दोरीमागे उभी आहे म्हणून शोभेची बाहुली समजू नका, मित्रांनो. एका शिंपिणीच्या हाताखाली मी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, आणि माझी टीप कधी वाकडी गेली नाही. बाई थकली, तेव्हा मला इथे आणलं. सुई काढून घेतली, म्हणजे दातच पाडले म्हणा ना! वर समोर पाटी लावली: 'हात लावू नये'. हाताशिवाय मशीन म्हणजे नुसतं लोखंड, हे त्या पाटी रंगवणाऱ्याला कोण सांगणार?

एक दिवस आईबरोबर भिंगरी आली. नऊ वर्षांची पोर. बोलत नाही, पण फिरणारं काही दिसलं की तिचा जीव त्यात. दालनात माहिती सांगणारा भोंगा कोकलत होता. ती कान दाबून खाली बसली आणि किंचाळली. लोक असे बघायला लागले, जणू तीच प्रदर्शनात मांडलीय.

तेवढ्यात तिला माझं चाक दिसलं. दोरीखालून आली, फिरवायला लागली आणि शांत झाली.

पहारेकरी धावला. "अहो ताई, आवरा तिला! मोडेल ना! बाहेर न्या आधी!"

"नाही नेणार," तिची आई म्हणाली. ती जागची हलली नाही. "याआधी दोन ठिकाणांहून असंच बाहेर काढलं, तेव्हा मुकाट्यानं गेलो आम्ही. घरी आजीच्या मशीनपाशी तिचा दिवस जातो, दादा. चाक आपल्याकडे फिरवायचं असतं, उलटं फिरवलं तर मशीन बिघडते. बघा, तशीच फिरवतेय."

पहारेकरी ओशाळला. "मी तर रोज पुसताना चाक पलीकडे ढकलतो."

"मग मोडतंय कोण?"

इतकी वर्षं हेच तर मी करकरून सांगत होते! गोंधळ ऐकून संग्रहालयाच्या मॅडम आल्या. पोरीकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं. "आधी तो बंद करा," त्या म्हणाल्या. दोरीची कडी मात्र पहारेकऱ्यानं स्वतःच काढली, आणि भिंगरीशेजारी उकिडवा बसला. "मलाही शिकव गं, बाई."

आता माझ्यात तेल पडतं. भिंगरी दर आठवड्याला येते. पण बाहेरच्या पायऱ्यांशी चाकाच्या खुर्च्या अजून अडतात. खिडकीतून मला दिसतं, आणि मी गप्प बसणारी नाही.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर तेल घाला आणि हात लावा. आणि एखादं पोर किंचाळलं, तर त्याला दार दाखवू नका. आधी भोंगा बंद करा.