सातूची शेवटची बाटली

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे. पोट गोल, तोंड अरुंद, पाय आखूड. माझ्यासारखे पेले तुम्ही बाजारात पुष्कळ पाहिले असतील. पण माझ्या वाट्याला भय्याजींसारखा माणूस आला, म्हणून ही हकीकत सांगायला बसलो आहे.

माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीतला. १९५८ साली नागपूरच्या एका दुकानातून आम्ही सहा भावंडं भिलाईला आलो. तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे लाल धूळ, लोखंडी सांगाडे आणि देशोदेशीची माणसं. बाहेरून आलेल्या इंजिनिअरांच्या एका पाहुणेघरात आमची सोय झाली. भय्याजी तिथे बेअरा होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, बायको शेवंता हिच्याबरोबर कॅम्प-१ या कामगारवस्तीत राहायचे. त्यांची नोकरी कच्ची होती. दर तीन महिन्यांनी मॅनेजर शामराव कागदावर सही करायचे, तेव्हा ती पुढे सरकायची.

त्याच पाहुणेघरात पंप बसवायला आलेले हॉब्सन नावाचे एक इंग्रज साहेब राहत होते. त्यांनी आपल्या गावची सातूची बिअर बोटीतून आणली होती. दोन पेट्या, चोवीस बाटल्या. ही साधी, तहान भागवायची बिअर नव्हे. सातू सढळ हातानं घालून केलेली, वाइनइतकी जहाल आणि वर्षानुवर्षं मुरणारी. भिलाईच्या उन्हाळ्यात ती बिघडू नये म्हणून भय्याजींनी मागच्या अंधाऱ्या खोलीत ओल्या वाळूत बाटल्या पुरून ठेवल्या होत्या. साहेब महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, एक बाटली उघडायचे. मला अर्ध्याहून कमी भरायचे. मग तळव्यात धरून मला जरा ऊब द्यायचे, नाकाशी न्यायचे, आणि एक घोट घेऊन तो बराच वेळ जिभेवर घोळवायचे. एक पेला संपायला तास लागायचा. रंग काकवीचा, फेस खाकी.

एका रविवारी भय्याजी मला धुवायला घेऊन गेले. धुण्याआधी त्यांनी मला नाकाशी धरलं. साहेबांनी ते दारातून पाहिलं.

"क्या मिला?" त्यांनी विचारलं.

भय्याजी दचकले, पण खोटं बोलले नाहीत. "काकवी, साब. और जली हुई रोटी. और पीछे कुछ खट्टा, जैसे सूखा बेर."

साहेब खुर्ची ओढून तिथेच बसले. इतक्या वर्षांत त्यांना त्यात सुक्या बोराचा वास कधी सापडला नव्हता. त्यांनी बाटलीतलं उरलेलं माझ्यात ओतलं आणि मला पुढे केलं. भय्याजींनी हात जोडले.

"सूंघूंगा साब, पीऊंगा नहीं."

कारण साधं होतं. त्यांचे वडील मोहाच्या दारूपायी गेले होते. आणि छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी लाखो माणसांबरोबर उभं राहून भय्याजींनी शपथ घेतली होती, की दारूला शिवणार नाही. बेअऱ्याच्या नोकरीत शिवणं टळत नव्हतं. पिणं मात्र त्यांनी टाळलं होतं. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर महिन्याच्या त्या रविवारी साहेब प्यायचे आणि भय्याजी वास घेऊन सांगायचे.

शामरावांना मात्र हे पटेना. "अबे, एक घोट घे ना," ते म्हणायचे. "साहेब खूश झाला, चिठ्ठी लिहिली, का तू परमनंट. कावून अडून बसला?"

"मॅनेजरसाहेब, नाक माह्यं हाय, ते मी साहेबाले देतो. तोंड मी नागपूरले देऊन आलो."

शामराव चिडले. पुढच्या सहीला त्यांनी मुद्दाम पंधरा दिवस लावले. घरी शेवंता काळजीत पडली, पण तिनं नवऱ्याला 'पी' म्हटलं नाही.

साठ सालच्या मे महिन्यात साहेबांचं काम संपलं. वाळूत दोनच बाटल्या उरल्या होत्या. त्या त्यांनी निघायच्या दिवसासाठी राखल्या होत्या. त्याआधी पंपांवर राबलेल्या फिटरांसाठी एका दुपारी छोटी मेजवानी ठेवली. एका ठेकेदारानं भेट म्हणून रमची पेटी पाठवली. लेबलं झकास होती. भय्याजींनी एक बाटली उघडली, थोडी माझ्यात ओतली आणि सवयीनं नाकाशी नेली. वर जळक्या साखरेचा आणि लवंगेचा वास होता. त्याखाली दुसरंच काही होतं. मलाही ते माझ्या काचेला झोंबल्यासारखं वाटलं.

भय्याजींनी मला खाली ठेवलं. "हे देऊ नका कोनाले. नव्या क्वार्टरच्या किवाडाले पॉलिश लावते ना, ते स्पिरिट हाय याच्यात."

शामराव हसले. "कधी थेंब न घेनारा मले दारू शिकवून राहिला! मी तं आत्ताच याच पेटीतली पाव बाटली घेतली. मले काय झालं?"

भय्याजींचा चेहरा उतरला. ते तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी एकदाच वास घेतला आणि डॉक्टरला आणायला जीप पाठवली. फिटर हातातले रिकामे पेले घेऊन उभेच राहिले.

डॉक्टर आले. शामराव अजून म्हणत होते, मला काही होत नाही. "आज होत नाही," डॉक्टर म्हणाले. "उद्या डोळे जातात. परवा माणूस जातो. याच्यावर उतारा म्हणजे चोख दारू. ब्रँडी आहे?"

ब्रँडी नव्हती. ती आणायला जीप दुर्गला धावली. तोवर काय? हॉब्सनसाहेब मागच्या खोलीत गेले आणि वाळूनं माखलेल्या दोन्ही बाटल्या घेऊन आले. डॉक्टरांनी लेबल वाचलं. "चालेल. पण मी सांगेन तेवढी, घोटाघोटानं. ज्याचा हात कापत नाही त्यानं पाजावी."

फिटर मागे सरले. भय्याजी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग मला भरून शामरावांच्या पुढ्यात बसले आणि मला त्यांच्या ओठाला लावलं.

"प्या, शामरावजी."

"कडू हाय बे!"

"पहिले कडू लागते. थांबा जरा, मांगून गोड येते."

असे ते दीड तास बसले होते. मी किती वेळा भरलो आणि रिता झालो ते मला आठवत नाही. ब्रँडी आली, शामरावांना दवाखान्यात नेलं, आणि सहाव्या दिवशी ते स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता बघत परत आले. आल्या आल्या त्यांनी भय्याजींना पक्कं करण्याची शिफारस लिहिली. "आता साहेबाची चिठ्ठी नाई लागत," एवढंच म्हणाले.

पण मेजवानीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला जास्त आठवते. भय्याजींनी मला धुतलं नव्हतं. तळाशी चार थेंब होते. हॉब्सनसाहेब समोर येऊन बसले. त्या दोन बाटल्यांतला एक थेंबही त्यांच्या जिभेला लागला नव्हता.

"कैसी थी?" त्यांनी विचारलं.

भय्याजींनी मला नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. "साब, पहले वाली में गुड सामने खडा था. इसमें पीछे जाकर बैठ गया है. पहले किशमिश आती है. फिर भुना सत्तू. बेर अब खट्टा नहीं रहा. और आखिर में पुरानी लकडी, जैसे धूप में खडी बैलगाडी."

साहेबांनीही डोळे मिटले होते. "अच्छी थी," ते म्हणाले.

जाताना त्यांनी मला भय्याजींना दिलं. शेवंतानं दारातच अडवलं. "दारूचा पेला घरात नाई पाहिजे."

"शपथ पेल्यानं नाई घेतली, मी घेतली," भय्याजी म्हणाले. तिनं मला तीनदा राखेनं घासलं आणि फळीवर ठेवलं. पुढे त्यांची लेक पंचफुला माझ्यातूनच दूध पिऊन मोठी झाली.

मित्रांनो, काचेला जपा. गरम पाण्यानं धुवा, पालथं घालून वाळू द्या. कुठलीही वस्तू ओठाला लावण्याआधी नाकाला विचारा. आणि कुणी एकदा 'मी पीत नाही' म्हणालं, तर त्याला दुसऱ्यांदा आग्रह करू नका.