सहीचा फर्मा

मी एक फर्मा बोलतोय. दोन हजार अकरा सालच्या जानेवारीत, थंडी ऐन भरात असताना, पंखे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मला कापलं. उन्हाळ्यात कापलं नसतं. उन्हाळ्यात त्या दुकानात पाणी प्यायला सवड नसते. थंडीत लोकांना पंखा आठवत नाही, म्हणून मिस्त्रीला माझ्यासाठी वेळ मिळाला.

त्याआधी मी एका पंख्याचं पातं होतो. अकरा वर्षं एका दवाखान्याच्या छताला गरगरत होतो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जो नुसता गोल फिरतो, त्याला आत्मवृत्त नसतं.

मिस्त्रीनं पत्रा कापायच्या कात्रीनं माझा तळहाताएवढा तुकडा काढला. ठोकून सपाट केला. छिन्नीनं एक आडवी फट पाडली, चार बोटं लांब आणि अर्धं पेर उंच. मग कानशीनं कडा घासल्या. बराच वेळ घासल्या. त्या दुकानात फर्मा म्हणजे ज्याच्या मापानं मोटरच्या तारेचं वेटोळं घालतात तो साचा. माझ्या मापानं वेटोळं घालायचं नव्हतं, सही करायची होती.

सही ताईची.

ताई त्या दुकानात मोटरी गुंडाळायची. तिला दिसत नव्हतं. चौतिसाव्या वर्षी डोळे गेले. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. आधी ती एका शिवणकारखान्यात हिशेब लिहायची. डोळे गेल्यावर मिस्त्रीनं तिला तारेसमोर बसवलं. तीनशे वेढे घालायचे तर तीनशेच घालायची. मध्ये कुणी बोललं तर बोटानं थांब म्हणायची, आकडा धरून ठेवायची, मग उत्तर द्यायची. डोळसांचे वेढे चुकायचे, तिचे चुकत नव्हते.

पण पगार तिच्या हातात येत नव्हता. तो दर महिन्याला तिच्या धाकट्या भावाच्या खात्यात जायचा. भाऊ औषधाच्या दुकानात कामाला होता. वाईट माणूस नव्हता. तिला रस्ता ओलांडून द्यायचा, तिचं ताट आधी वाढायला लावायचा. फक्त एक वाक्य त्याच्या तोंडी बसलं होतं.

"ताई, तुझ्या डोळ्यांना मी चाळीस हजार घातलेत. मी कधी मागितले का?"

न मागता तो हे आठवड्यातून दोनदा म्हणायचा.

त्या डिसेंबरात ताईची चप्पल तुटली. तिनं भावाकडे पैसे मागितले. तो म्हणाला, "तुला कुठं जायचंय एवढं? शिवून घेऊ." तो चांगल्या मनानं बोलला. दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आली, तुटका पट्टा दोरीनं बांधून, आणि मिस्त्रीला म्हणाली, "मला माझं खातं काढायचंय. माझ्या एकटीचं. आणि त्याचे चाळीस हजार त्याच्या हातावर ठेवायचेत."

मिस्त्री साठी ओलांडलेला. म्हणाला, "अगं पोरी, पाच वर्षं तुझा पगार घेतोय तो. ते कधीच फिटलं."

"त्याच्या तोंडून फिटलेलं नाही."

"मग हिशेब मांड त्याच्यासमोर."

"तो माझ्या जेवणाचा हिशेब मांडेल. घरातल्या पोळ्या मोजायच्या नाहीत मला, मिस्त्री. जेवणाचं वेगळं, डोळ्यांचं वेगळं."

मिस्त्री बँकेतून पैसे काढायची एक चिठ्ठी घेऊन आला. तिच्यावर सहीची जागा मोजली आणि त्या मापानं मला घडवलं. माझा खालचा उजवा कोपरा कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याला टेकवायचा, की फट बरोबर सहीच्या रेघेवर. ताईनं आठ दिवस जाड तपकिरी कागदावर सराव केला. तिनं शेवटची सही ऑपरेशनच्या कागदावर केली होती. पाच वर्षांत हात विसरला असेल असं मला वाटलं. हात विसरला नव्हता. पहिल्या दिवशी पेन माझ्या कडेवर आपटायचं. चौथ्या दिवशी आपटणं बंद झालं.

मला वाचता येत नाही. पण पाचशे वेळा जी माझ्या पोटातून गेली, ती सही मी ओळखतो.

बँकेत खिडकीमागे एक चष्मेवाला कारकून होता. (दिसत मला नाही, पण मिस्त्री त्याला नंतर कायम चष्मेवालाच म्हणायचा.) तो मिस्त्रीकडे बघून म्हणाला, "यांचं खातं काढायचंय? घरचं कुणी आलंय का?"

ताई म्हणाली, "मी आलेय की."

"तसं नाही हो. म्हणजे बघणारं कुणी."

"खातं माझं आहे. माझ्याशी बोला."

मग त्यानं सांगितलं. भावाबरोबर जॉइंट खातं काढा, सोपं पडेल. सही भाऊ करेल, तुम्हाला यायचा त्रासही नको. नाहीतर अंगठ्याचं खातं. त्यात चेकबुक मिळणार नाही, दर वेळी स्वतः यायचं आणि साक्षीदार आणायचा.

"आणि तिसरं?"

"तिसरं आपलं नेहमीचं. पण ते तुम्हाला..."

"मला काय?"

मागच्या रांगेतून एक बाई हळहळून म्हणाल्या, "जाऊ दे गं, जॉइंटच काढ. आंधळ्याच्या गाई देव राखतो."

"माझ्या मीच राखते," ताई मागं न वळता म्हणाली. "देवाला दुसरी कामं आहेत."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. ताई हसली नाही. तिनं फॉर्म वाचून दाखवायला सांगितला. कारकून भरभर वाचू लागला. एका जागी ती म्हणाली, "थांबा. पानं तीन उलटलीत, वाचलंत एक."

"बारीक अक्षरातलं आहे ते. कुणीच वाचत नाही."

"मी वाचते. वाचा."

आवाज ऐकून मॅनेजरबाई बाहेर आल्या. त्यांनी ताईला आत नेलं, दार लावलं आणि उरलेला फॉर्म स्वतः वाचला. सावकाश, बारीक अक्षरासकट. मग म्हणाल्या, "तुम्हाला नेहमीचं खातं काढता येईल. चेकबुकही मिळेल. मदतीला माणूस हवा असेल तर त्याचं नाव लिहून ठेवू. त्याला काय करता येईल ते तुम्ही ठरवायचं. नुसती शिल्लक विचारायची की पैसेही काढायचे."

"यांचं लिहा," ताईनं मिस्त्रीकडे हात केला. "नुसतं विचारायचं. काढायचं नाही."

मिस्त्री म्हणाला, "बघा बाई, विश्वास किती आहे तो!"

"विश्वास आहे म्हणूनच नाव लिहिलं. पैसे माझे आहेत म्हणून काढायचं नाही लिहिलं."

"आणखी काही?" बाईंनी विचारलं.

"नोटा माझ्या हातात मोजायच्या. आधी एका किमतीच्या सगळ्या, मग दुसऱ्या. घाई करायची नाही. आणि बोलताना माझ्याशी बोलायचं."

बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. मग एक कागद पुढं सरकवला. जे होईल ते माझ्या जबाबदारीवर, असं त्यावर लिहिल्याचं त्यांनी वाचून दाखवलं.

"असं पत्र सगळ्यांकडून घेता?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग माझ्याकडूनही नको."

मग कागद मागं ओढल्याचा आवाज आला. बाईंनी ताईचं बोट नमुन्याच्या चौकटीवर ठेवलं. ताईनं मला तिथं टेकवलं आणि सही केली. कार्डावर तीन चौकटी होत्या. तीनही सह्या सारख्या. माझ्या अंगाला शाई लागली. ती मी आजवर मिरवतो.

घरी भावाला कळलं. तो चिडला नाही. त्याला लागलं. "मी काय परका आहे का, ताई? लोक म्हणतील, भावानं पैसे खाल्ले."

"लोकांना माझा पगार माहीत नाही. तुला माहीत आहे."

वहिनी आतून म्हणाली, "जाऊ द्या हो. दोन महिन्यांत कंटाळतील. बँकेच्या पायऱ्या चढणं म्हणजे काय खेळ आहे?"

पायऱ्या नऊ होत्या. ताई दर महिन्याला चढली. नव्या चपला घालून चढली. घरखर्चाचा वाटा पहिल्या तारखेला वहिनीच्या हातावर ठेवायची, बाकीचं खात्यात राहायचं. चिठ्ठीच्या कोपऱ्याला माझा कोपरा टेकवायचा, सही करायची, नोटा हातात मोजून घ्यायच्या. एकदाही सही परत आली नाही. मला गर्व झाला. खोटं कशाला बोलू?

तीन उन्हाळे गेले. दोन हजार तेरा सालच्या जूनमध्ये शिल्लक बेचाळीस हजारांवर गेली. मिस्त्री म्हणाला, "काढ रोख आणि टाक त्याच्या पुढ्यात."

"रोख नको. उद्या म्हणेल, दिलेच नाहीत. चेकला पुरावा असतो."

तिनं आयुष्यातला पहिला चेक फाडला. भावाचं नाव आणि रक्कम तिच्या सांगण्यावरून मिस्त्रीनं लिहिली. मला कोपऱ्याला टेकवलं. तिनं सही केली. जेवण झाल्यावर भावाच्या हातात दिला.

तो म्हणाला, "हे काय?"

"डोळ्यांचे."

त्यानं चेक घेतला आणि स्वतःच्या बँकेत भरला. चौथ्या दिवशी चेक परत आला.

भाऊ तो घेऊन आला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यात माया होती. "ताई, सही चालली नाही. दंड पडला. मी भरला तो, तू काळजी करू नको. मी म्हणत नव्हतो का? चल उद्या, जॉइंट करून टाकू. तुला कशाला हा ताप?"

ताई त्या दिवशी जेवली नाही.

चूक माझी होती. मी कबूल करतो. मिस्त्रीनं मला पैसे काढायच्या चिठ्ठीवरून मापलं होतं. चेक त्यानं तेव्हा पाहिलेलाच नव्हता. दुकानातली सवयच तशी. एका मोटरीचं माप घ्यायचं, त्याचा फर्मा करायचा आणि त्या जातीच्या सगळ्या मोटरी त्यावर गुंडाळायच्या. बँकेचा कागद म्हणजे एकच जात, असं त्याला वाटलं. पण चेकच्या तळाला एक पांढरी पट्टी असते. तिथं यंत्रानं वाचायचे आकडे असतात, तिथं काही लिहायचं नसतं. चेकवर माझी फट बरोबर त्या पट्टीवर पडत होती. ताईची सही उत्तम होती. मी तिला चुकीच्या जागी उतरवलं.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. मॅनेजरबाई बदलून गेल्या होत्या. चष्मेवाला होता. चेक बघून म्हणाला, "सही आकड्यांवर आलीय. माझं ऐका, अंगठ्याचं करून घ्या. नियमात बसतं, डोक्याला ताप नाही."

"अंगठा नाही देणार."

"अहो, भले भले देतात."

"ज्याला लिहिता येत नाही त्यानं द्यावा, त्यात लाज नाही. मला लिहिता येतं. एक कोरा चेक घ्या आणि माझं बोट धरा. पट्टी कुठं संपते ते दाखवा. सहीची रेघ कुठं, तेही दाखवा."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आम्हालाही कामं आहेत."

"मला पण आहे. तेच करतेय."

चष्मेवाल्यानं उसासा टाकला. पण त्यानं बोट धरलं. ताईनं मला चेकवर ठेवलं, वर सरकवलं, बोटानं पुन्हा तपासलं. मग पिशवीतून कानस काढली. ती दुकानातून घेऊनच आली होती. बँकेच्या खिडकीवरच तिनं माझ्या उजव्या कडेवर एक खाच घातली. खर्र, खर्र, सगळी बँक ऐकत होती. दुखलं का? दुखलं. तिनं घातली म्हणून सोसलं. ती खाच चेकच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला लावली की फट पट्टीच्या वर, रेघेवर.

"तुमच्या रजिस्टरात लिहा," ती म्हणाली. "खातेदार स्वतःचा फर्मा वापरून सही करते. म्हणजे पुढं कुणी मला अंगठा सुचवणार नाही."

त्यानं लिहिलं. तिनं वाचून घेतलं.

आज मी जुना झालोय. माझा रंग गेला, कडा गुळगुळीत झाल्या. ताईच्या पिशवीत कंगवा आणि किल्ल्या यांच्यामध्ये असतो. माझी विनंती वगैरे काही नाही. सांगणं आहे. तुमच्यापुढं रांगेत कुणी सावकाश सही करत असेल तर चुकचुकू नका, आणि त्याच्या वतीनं ठरवूही नका. त्याला कोणतं खातं हवं ते त्याला विचारा. तोंड त्याच्याकडे करून विचारा.

उरलं एवढंच. त्या दिवशी संध्याकाळी ताईनं दुसरा चेक फाडला. चाळीस हजार आणि भावानं भरलेला दंड, दोन्ही मिळून. खाच टेकवली, सही केली.

भाऊ म्हणाला, "ताई, राहू दे ना. आपल्यात कसलं देणं?"

"घे."

"मी कधी मागितले का?"

"शंभरदा. घे."

त्यानं घेतला. पाचव्या दिवशी दुपारी दुकानात तिचा फोन वाजला. मिस्त्रीनं चष्मा लावून बँकेचा निरोप वाचला. रक्कम खात्यातून गेली होती. ताईनं बोटानं त्याला थांब म्हटलं, चालू असलेले वेढे पुरे केले, आणि तार तोडली.