धुळीपासून जपलेला व्हॅक्यूम क्लीनर

मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे, आणि एका बापाच्या अंगावरची धूळ मी तीन मिनिटं ओढली म्हणून त्या बापाची नोकरी गेली.

मित्रांनो, असं काही घडलेलंच नाही. कारखान्याच्या नोंदवहीत त्या तारखेपुढे 'सर्व सुरळीत' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे, खाली सही आहे, सहीवर शिक्का आहे. शिक्क्यापुढे माझं काय चालणार? तेव्हा ही न घडलेली गोष्ट आहे असं समजूनच ऐका.

मी घरोघरी दिसतो तसला साधा क्लीनर नाही. साधा क्लीनर बारीक पावडर पुढून ओढतो आणि मागून परत खोलीत सोडतो. वर आवाज असा करतो की जणू मोठं काम केलं. माझ्या पोटात एकामागे एक तीन गाळण्या आहेत. तिसरी इतकी बारीक, की डोळ्याला न दिसणारा कणही तिच्यात अडकून बसतो. मी जिथे बनलो तिथे मला तपासणाऱ्या बाईंनी माझ्या मागच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला, मला दहा मिनिटं राख ओढायला लावली आणि मग तो रुमाल उजेडात धरून पाहिला.

"एक डाग नाही," त्या म्हणाल्या. "जा बाळा, लोकांची फुप्फुसं वाचव."

एवढा मोठा आशीर्वाद घेऊन कुणी घराबाहेर पडू नये, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मी ज्या कारखान्यात आलो, तिथे खुर्च्यांच्या आणि गाद्यांच्या आत घालायचा फोम बनतो. तो चटकन पेटू नये म्हणून त्यात एक पांढरी पावडर मिसळतात. खुर्चीवर बसणाऱ्याला तिचा आधार असतो. ती ओतणाऱ्याने काय करावं, हे प्रत्येक पोत्यावर छापलेलं असतं: धूळ उडवू नका, श्वासात जाऊ देऊ नका, कोरडा झाडू मारू नका, कामाचे कपडे घरी नेऊ नका. पण पोती रचताना ती बाजू खाली जाते, कारण वरच्या बाजूला मालाचं चित्र फार देखणं आहे.

पावडर ओतणाऱ्या माणसाला सगळे पिठ्या म्हणत. तो पोतं खांद्यावर घेई, शिडीच्या तीन पायऱ्या चढे, सुरीने पोत्याचं तोंड फाडी आणि मिक्सरमध्ये वरून धाडकन पालथं करी. ढग उठे. मग रिकामं पोतं घडी करायला तो छातीशी घट्ट आवळून धरी, आणि आत उरलेली पावडर फुस्सकन त्याच्या तोंडावर येई. हनुवटीवर बांधलेला हातरुमाल हीच त्याची सुरक्षा. मिक्सरच्या खोलीत मी दिवसाला दोन तास चाललो असतो, तर यातलं निम्मं दुखणं टळलं असतं.

पण मॅनेजरसाहेबांनी मला खोक्यातून बाहेर काढलं, माझ्या चकचकीत टाकीत स्वतःचा चेहरा पाहिला, भांग नीट केला आणि हुकूम सोडला, "वस्तू भारी आहे. हिला धुळीपासून जपा."

मित्रांनो, मी दोनदा ऐकलं. तेच शब्द होते.

माझ्यासाठी प्लॅस्टिकचं कव्हर शिवून आणलं गेलं. साहेबांच्या खोलीत सोफ्याशेजारी माझी जागा ठरली. सहा वर्षं मी तिथला गालिचा साफ केला. बिस्किटांचा चुरा, पेन्सिलीची सालं, एकदा एक जिवंत झुरळ. त्याची आणि माझी नजरानजर झाली, तो प्रसंग मी विसरू शकत नाही. साहेबांच्या सासूबाईंनी बोलावलं की मला गाडीत घालून त्यांच्या घरच्या सोफ्याच्या सेवेला नेत. तिथे मी गादीच्या फटीतून त्यांचं हरवलेलं कानातलं काढून दिलं. "जावईबापूंपेक्षा हा कामाचा आहे," असं त्या म्हणाल्या. माझ्या कारकिर्दीत झालेलं हे एकमेव कौतुक.

भिंतीपलीकडे मिक्सरच्या खोलीत मावशी कोरडा झाडू मारत असत. त्यांनी झाडलं की पावडर उठे, तासभर हवेत फिरून पुन्हा बसे, मग मावशी पुन्हा झाडत. असं दोघींचं वर्षानुवर्षं चाललं होतं. कुणीच हरायला तयार नव्हतं.

एक दिवस पाळी सुटताना पिठ्या साहेबांच्या दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, हा पाच मिनिटं द्या ना. कपड्यांवरून फिरवतो आणि घरी जातो."

"का रे? लग्नाला जायचंय?"

"नाही. पोरगी वर्षाची झालीय. मी गेलो की रांगत येते, पँट धरून उभी राहते आणि गुडघा चोखते. सगळी पावडर तिच्या तोंडात. बायको आता मला दारातच थांबवते. पोरीला आत कोंडते, मग ती रडते. बाप घरी आला की पोरगी रडते, असं शेजारी बोलायला लागलेत."

साहेबांना वाईट वाटलं. वाईट वाटलं की ते चष्मा पुसत. तसा त्यांनी तो पुसला.

"अरे, पण हा काय धुळीत घालायला घेतलाय?"

"मग कशात घालायला घेतलाय, साहेब?"

"तू फार बोलतोस. हवेचा पाइप आहे ना? मार अंगावर आणि सूट."

पिठ्याने हवेचा पाइप मारला. पावडर त्याच्या अंगावरून उठली, थोडी त्याच्या नाकात गेली, उरलेली मावशींवर.

"मेल्या, मला कशाला न्हाऊ घालतोस?"

"फुकटात गोऱ्या व्हाल, मावशी."

"गोरी होईन आणि खोकत मरीन. लाकडं घालायला तूच ये."

"येईन की. पण तुम्ही पेटणार नाही."

दोघंही हसले. हसताना दोघांनाही खोकला आला, आणि तो हसण्यापेक्षा जास्त वेळ टिकला.

मग कारखान्याची सरकारी तपासणी आली. माझं कव्हर निघालं. मला मिक्सरशेजारी नेलं, भिंतीतल्या प्लगला जोडलं आणि माझा पाइप असा टाकला की आत्ताच कुणी घाम पुसायला गेलं असावं. तपासनीसबाईंनी मला उघडून आत पाहिलं.

"हा रोज वापरता?"

"रोज," साहेब म्हणाले.

"आत पावडर दिसत नाही. बिस्किटं दिसतायत."

"रोज रिकामा करतो. कामगारांना मध्ये भूक लागते."

बाईंनी 'समाधानकारक' असं लिहिलं, आणि दोघं चहा प्यायला गेले.

सहा वर्षांत मी पहिल्यांदा योग्य जागी उभा होतो. पिठ्याने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि बटण दाबलं. आधी खांदे, मग कॉलर, खिशांचे कोपरे, पाठीसाठी मावशींनी पाइप धरला. गुडघ्यांवरून त्याने मला चार वेळा फिरवलं. कापडाचा मूळ रंग वर आला. निळा होता. मावशी म्हणाल्या, "अगंबाई, तुला पँट आहे होय!" मी जीव तोडून ओढत होतो. तीनच मिनिटं, पण माझा जन्म त्या तीन मिनिटांचा आहे.

आवाज ऐकून साहेब धावत आले, मागून कप हातात घेऊन तपासनीसबाई.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"रोजचंच, साहेब," पिठ्या शांतपणे म्हणाला.

बाईंनी मान डोलावली आणि 'समाधानकारक'च्या आधी 'अत्यंत' लिहिलं.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली, आणि पाठोपाठ पिठ्याही कायमचा बाहेर पडला. कारण असं दिलं, की त्याने कारखान्याच्या मालमत्तेत धूळ भरली. दुसऱ्या दिवशी मावशी भिंतीला सांगितल्यासारखं मला सांगत होत्या: "काल सरळ आत गेला म्हणे. पोरीला कडेवर घेतली ती झोपेपर्यंत खाली ठेवली नाही. बायकोने विचारलं, आज इतके स्वच्छ कसे? याला सांगवेना."

मी आता 'दूषित' आहे. तशी चिठ्ठी लावून मला कोठारात ठेवलं आहे. गालिच्यासाठी नवीन क्लीनर आला, त्याचं कव्हर माझ्या कव्हरपेक्षा जाड आहे. मिक्सरवर नवीन माणूस आला, त्याचा हातरुमाल पिठ्याच्या रुमालापेक्षा पातळ आहे. तोही पोती छातीशी आवळतो.

मित्रांनो, मोठे झालात आणि असं पोतं तुमच्या हाती आलं, तर ते खाली ठेवून हळू उघडा. ओता ते सावकाश. सांडलं तर झाडू नका, फुंकू नका, माझ्यासारख्याला बोलवा. आणि कधी साहेब झालात, तर वस्तू माणसासाठी घेतलेली असते, एवढं लक्षात असू द्या.

माझ्यापुरता मी अर्ज केला आहे, तो असा:

माननीय मॅनेजरसाहेब यांस, अर्जदार हा व्हॅक्यूम क्लीनर असून त्यास धूळ ओढण्याची परवानगी मिळावी. रोज पाळी सुटताना दहा मिनिटे नवीन कामगाराच्या व मावशींच्या कपड्यांवरून फिरवण्यात यावे. अर्जदाराची गाळणी बदलावी. ते न जमल्यास नवीन क्लीनरचे कव्हर काढावे. उत्तर लेखी द्यावे. उत्तर द्यायचे नसल्यास तेही लेखी कळवावे, ही नम्र विनंती.